अर्धा दृष्टांत

चिंचदरा, ता. आष्टी
२ मे २०१६

तीर्थरूप वहिनींस,

राधाकिशनचा नमस्कार. तुम्ही सावकाश वाचता म्हणून अक्षर मोठं काढतोय. तुम्ही माझा फोन उचलत नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. चाँद बागवान गोदाकाठची खरबुजं आणायला गेवराईकडे जातो, त्याच्याजवळ हे पत्र देतोय. तो म्हणाला, "चाचीच्या हातात देतो, पन जवाब मागू नका माझ्याकडं."

तुम्ही गेलात त्या सकाळी मी दूध केंद्रावर होतो. तुमची धाकटी जाऊ भामा सांगते, तुम्ही म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, दावं तिच्या हातात दिलं आणि "केसरकडं जाते" एवढंच म्हणालात. मला हाक मारली नाहीत. रामकिसनदादा तुम्हाला घेऊन या घरात आला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. तेव्हापासून मला सांगितल्याशिवाय तुम्ही कधी वेस ओलांडली नाही. दादा गेल्यावरही नाही. लेकीकडे जाताना हाक मारली नाही, म्हणून हे पत्र.

गावात आता सगळं वेगळंच सांगतात. म्हणून तुम्हाला माहीत असलेलंच मी पुन्हा लिहितो.

दिवाळीनंतर आपल्या दूध संस्थेनं माजलगाव धरणाच्या बाजूची हिरवी मका आणली. तिची कुट्टी केली, खड्ड्यात तुडवून भरली, वर प्लास्टिकचा कागद अंथरून मातीचा थर दिला. मुरघास. हवा-पाणी लागलं नाही तर वर्षभर टिकणारा चारा. सरकारी चारा छावणीची मंजुरी कुठंतरी अडकली होती, म्हणून उन्हाळ्यात साऱ्या गावच्या जनावरांना तोच एक आधार होता. चेअरमन भगवानरावांनी गुढीपाडव्याचा मुहूर्त धरला होता. पुढारी येणार, फीत कापणार, मग खड्डा उघडणार. जनावरं काही पाडव्यापर्यंत थांबायला तयार नव्हती. छबुबाईची गाय बसली ती उठेना. तेव्हा तुम्ही चार बायका घेऊन गेलात आणि संस्थेच्या संचालक म्हणून पहिलं फावडं मारलंत. आत काळा चिखल निघाला. वासानं बायका मागं सरल्या.

इथपर्यंत सगळे सारखंच सांगतात. पुढं मात्र असं सांगतात की चारा चांगला होता, मुहूर्ताआधी विधवेचा हात लागला आणि नासला. घटकाभरात मका काळी पडत नाही, हे जनावर पाळणाऱ्या कुणालाही कळतं. तरी सांगतात.

आता माझ्या प्रवचनाबद्दल. रामनवमीला मी ग्रीक लोकांची एक फार जुनी कथा दृष्टांत म्हणून सांगितली. देवांनी मातीची एक बाई घडवली, पांडोरा तिचं नाव. तिच्याजवळ एक बंद पेटी होती. तिला राहवलं नाही, तिनं ती उघडली आणि रोगराई, उपासमार, मरण सगळं जगात पसरलं. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. दृष्टांत हा दृष्टांत असतो, अंगाला लावून घेणं ऐकणाऱ्यावर आहे. तुम्ही मधूनच उठून गेलात ते मला दिसलं. मला वाटलं, धारेची वेळ झाली असेल.

म्हैस बरी आहे. भामा धारेला बसली की लाथ झाडते.

तुमचा
राधाकिशन

ता. क. खड्ड्यावरची पताका आपल्या देव्हाऱ्यापाशी कुणीतरी आणून ठेवलेली सापडली. धुऊन घेतली आहे.


चिंचदरा
१८ मे २०१६

तीर्थरूप वहिनींस,

चाँद परत आला तेव्हा मी त्याला काही विचारणार नव्हतो, तरी विचारलंच. तो म्हणाला, "चाचीनं घेतलं. उंबऱ्यात बसून पुरं वाचलं. मंग माझंच खरबूज मला कापून दिलं." आणखी काही बोलल्या का म्हटलं, तर म्हणाला, "मीठ आनून दिलं."

मागच्या पत्रात मी लिहिलं की मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. ते खरं आहे आणि त्यात माझी लबाडीही आहे. नाव घ्यायची गरजच पडू नये अशी कथा मी शोधली होती.

रामनवमीच्या आदल्या दिवशी भगवानराव केंद्रावर आले. आम्ही एका बाकावर शिकलेलो, त्यामुळे आजूबाजूला कुणी नसलं की ते मला महाराजही म्हणत नाहीत आणि सचिवही म्हणत नाहीत.

"बे राध्या, लोकं संस्थेवर लई खवळलेत. खड्डा कुनी भरला, कुनाची देखरेख होती, इचारायलेत."

"विचारणारच," मी म्हटलं.

"देखरेख तुझी होती."

मी समोरची दुधाची वही मिटली.

"मंग उद्या सांग की कायतरी. तुझी ती परवचनाची गादी कशाला हाय? लोकं तुझं ऐकत्यात. जरा शांत कर."

एवढंच बोलून ते गेले. तुमचं नाव त्यांनीही घेतलं नाही. घरी येऊन मी कपाटातलं जुनं पुस्तक काढलं. सुंदरराव गुरुजी निवृत्त झाले तेव्हा शाळेतल्या फाटक्या पुस्तकांतून मला ते दिलं होतं. ग्रीक देवांच्या कथा. रामायण-भागवतातलं सांगितलं असतं तर लोकांना पुढचं-मागचं माहीत असतं, कुणीतरी मध्येच म्हणालं असतं, महाराज, असं न्हाई ते. परक्या देशातल्या गोष्टीला टोकणारा कोणी नव्हता. मी सांगेन तेवढीच ती गोष्ट.

माणसं खरोखर शांत झाली, वहिनी. मला ते वरून दिसत होतं. त्यांच्या रागाला हळूहळू बसायला जागा सापडली. आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना पेन थांबतंय, पण बरं वाटलं हे खरं आहे.

आता पाण्याच्या टँकरपाशी जे चालतं ते तुम्ही गेवराईत असून ऐकलं असेल. पोरं आमच्या घराला लागून असलेल्या तुमच्या बंद घरापुढून जाताना ओरडतात, "पांडोरी आली, लावा कुलूप!" काल छबुबाईच्या सुनेनं शेजारणीचा डबा उघडून पाहिला, तर शेजारीण म्हणाली, "तू बी पांडोरी झाली का गं?" सगळ्या हसल्या. ती सूनही हसली. पाच आठवड्यांपूर्वी या गावात कुणाला हे नाव माहीत नव्हतं. आता कुठल्याही बाईनं काही विचारलं, कशात डोकावलं, की हे नाव तयार असतं. मी गावाला बोट दाखवायला एक बाईच नव्हे, बायकांना गप्प करायचं एक हत्यारही दिलं.

पुस्तक मी पुन्हा वाचलं. या वेळी पुरतं. पांडोरेची कथा मी जिथं सुरू केली, त्याच्या आधी दोन पानं आहेत. तिथं लिहिलंय की देवांच्या राजाला माणसांचा सूड घ्यायचा होता. बाई त्यानंच करवून घेतली, कुतूहल तिच्यात देवांनीच घातलं. रोग आणि मरण त्या पेटीत भरलं ते तिनं नाही. ती दोन पानं मी रामनवमीच्या आदल्या दिवशीही वाचली होती. सोडून दिली. लांबण लागेल म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

पुस्तकात पुढंही सगळीकडे तीच रीत. पुरुष दहा वर्षं लढले, नगर जाळलं, आणि नाव लागलं हेलन नावाच्या बाईला. कॅसँड्रा म्हणून एक मुलगी होती, पुढचं खरं तेच बोलायची. देवाला तिनं नाही म्हटलं म्हणून त्यानं शाप दिला, तुझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. आपल्याकडे तरी काय, इंद्र आला आणि शिळा अहल्येची झाली. लहानपणापासून मी ते सांगतोय. कधी जीभ अडखळली नाही.

सुंदरराव गुरुजींकडे गेलो होतो. ते म्हणाले, "अरे, ती पेटी नव्हती. मूळ कथेत रांजण आहे, धान्य नाहीतर तेल भरायचा. पेटी नंतर कुणीतरी केली."

रांजण. घरात रोज रांजणाचं झाकण काढून सगळ्यांना खाऊ घालणारी कोण असते, हे मला तुम्ही वाढलेल्या ताटावर बसून कळायला हवं होतं.

राधाकिशन


चिंचदरा
५ जून २०१६

तीर्थरूप वहिनींस,

संस्थेच्या विशेष सभेची नोटीस तुम्हाला पोचली असेल. बारा तारखेला, मारुतीच्या देवळात. त्यात विषय आहे की खड्डा परस्पर उघडून संस्थेचं नुकसान केल्याबद्दल चंद्रभागाबाईंना, म्हणजे तुम्हाला, संचालक मंडळातून काढावं आणि महिला दूध संकलनाचं काम त्यांच्याकडून घ्यावं. खाली सही माझी आहे. सचिव म्हणून ठराव वाचायचाही मलाच आहे. ते काम गेलं तर तुम्ही परत येऊन करणार काय, आणि येणार तरी कशाला, हे मला कळतं.

आता पताकेबद्दल लिहितो. पहिल्या पत्रात "कुणीतरी आणून ठेवलेली" असं मी लिहिलं. कुणी ठेवली ते मला तेव्हाही ठाऊक होतं.

खड्डा भरून झाला त्या दिवशी मी पूजा मांडली. नारळ फोडला, आरती झाली. गावचा आधार आहे, त्यावर देवाचं निशाण असावं असं वाटलं, म्हणून देवळावरची जुनी पताका वेळूच्या काठीला बांधली आणि खड्ड्याच्या मधोमध रोवली. माती भुसभुशीत होती, काठी कलत होती. मी अंगाचा भार टाकून दाबली. खाली कागद फाटल्याचा आवाज आला. मी ऐकला. माझ्याशेजारी तुम्ही ताम्हण घेऊन उभ्या होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "भावजी, काडी काढा, वरून माती लिंपू."

मी म्हटलं, "वहिनी, देवाची काठी आहे. काही होत नाही."

देवाच्या नावानं पाडलेलं भोक हे भोक नसतं, असं मला खरंच वाटलं होतं. रोज तास-दोन तास पोथी वाचणारा माणूस मी. शिवाय चार लोकांसमोर रोवलेली पताका बाईच्या सांगण्यावरून उपटायची, हेही होतंच. ते पहिलं लिहायला हवं होतं.

मार्चात अवकाळी पाऊस झाला. गाव आनंदलं. मी खड्ड्याकडे पाहत होतो. पाणी वेळूच्या कडेनं आत उतरत असणार, हे मला समजत होतं. मी छत्री घेऊन देवळात गेलो आणि जप केला.

तुम्ही खड्डा उघडलात तेव्हा काळं सुरू झालं होतं ते काठीपासून. तिथून चहूकडे पसरलेलं. तुम्ही ते सगळ्यांच्या आधी पाहिलंत. त्या चार बायका मागं सरल्या तेव्हा तुम्ही पुढं होऊन काठी उपसली, पदरात गुंडाळली आणि माझ्या घरी येऊन आपल्या देव्हाऱ्यापाशी उभी केली. संध्याकाळी मला ती दिसली. वेळूचं खालचं टोक काळंभोर, त्याला तोच वास. मी ती विहिरीवर नेऊन घासून घासून धुतली. भामा म्हणाली, "सरकारी पान्याचा टँकर तीन दिसांनी येतो, आन तुमी काडी धुता?"

लोक तुम्हाला विचारत होते, कावून उघडला, कुनाला इचारून उघडला. एका बोटानं माझ्याकडे दाखवलं असतं तर तुम्ही सुटला असता. तुम्ही बोट दाखवलं नाही. मी गादीवर बसून तुमच्याकडे सगळ्या गावाचं बोट वळवलं. आणि हे मला माहीत नसताना झालं नाही. काठी घरात होती.

पुस्तकात शेवटी असं आहे की सगळं बाहेर पडल्यावर पांडोरेनं झाकण लावलं आणि आत एकच गोष्ट राहिली, आशा. मी ते प्रवचनात मोठ्या गोड आवाजात सांगितलं होतं. आता मला वाटतं, त्या बाईनं झाकून ठेवलेलं दुसरंही काही असेल. घरातल्या कुणाचं तरी नाव.

बारा तारखेला बोलू का, असं विचारण्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं होतं. लिहिता लिहिता कळलं की हीसुद्धा पळवाटच. तुम्ही नको म्हणाल, हे मला माहीत आहे, म्हणून तुम्हाला विचारायचं. तेव्हा विचारत नाही.

राधाकिशन


चिंचदरा
१४ जून २०१६

तीर्थरूप वहिनींस,

सभा झाली. पताकेची काठी मी बरोबर नेली होती. धुतली तरी खालचं टोक काळंच राहिलं आहे.

ठराव वाचायला उभा राहिलो आणि वाचला नाही. काठी समोर धरली आणि जे मागच्या पत्रात तुम्हाला लिहिलं तेच सांगितलं. मी प्रवचनात जसा बोलतो तसं ते झालं नाही. मधलं मागं गेलं, मागचं पुढं आलं. भगवानराव दोनदा म्हणाले, "महाराज, बसा आता. तब्येत बरी न्हाई तुमची." मी बसलो नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "वैनीसाठी बोलायलाय हो. घरचं मानूस हाय."

ते ऐकून मला वाटलं, गेलं. आता खरंही कुणाला खरं वाटणार नाही. कॅसँड्रेचं झालं तसं, पण तिनं काही केलं नव्हतं, मी माझ्या हातानं केलं होतं.

मग छबुबाई उठली. तुम्हाला तिचा आवाज माहीत आहे.

"माझी गाय बाजारात कवडीमोलानं गेली. तिच्या डोळ्यात पान्याची धार व्हती. ती कुनी खाल्ली, सांग. चंद्रभागानं का तू?"

"मी," मी म्हटलं.

"काडी रोवताना ती तुला बोलली व्हती का न्हाई?"

"बोलली होती."

"म्या ऐकलं व्हतं." छबुबाई म्हणाली आणि सगळीकडे पाहू लागली. "मी तितंच व्हते, परसाद वाटत. म्या ऐकलं व्हतं, आन रामनवमीला ह्याची गोष्ट ऐकून म्याच पयली हासले." मग ती माझ्याकडे वळली. "लई गोड सांगतोस रे तू. त्याचंच भ्या वाटतंय."

आणि ती खाली बसली. पदर डोळ्याला लावला नाही, काही नाही. बसली.

मी म्हटलं, ती गोष्ट मी अर्धी सांगितली होती, पुरी सांगतो. कुणीतरी म्हणालं, "ऱ्हाऊ द्या महाराज, अर्धीनंच लई झालं." लोक हसले. मीही हसलो असतो, पण आलं नाही.

ठराव मताला आला नाही. पुढच्या सभेत बघू, म्हणून ठेवला. रद्द झालेला नाही, हे तुम्हाला खरं सांगतो. सचिवपद मी सोडलं. श्रावणातलं पोथीवाचन आता दुसऱ्या कुणाकडं आहे. पोरं अजून तुमच्या दारापुढून ओरडत जातात. मी एकाला हटकलं तर तो म्हणाला, "काका, तुमीच तर शिकवलं." दीड तासात गावाच्या तोंडात घातलेला शब्द काढायला मला किती वर्षं लागतील ते मला माहीत नाही.

तुम्ही या, म्हणून लिहीत नाही.

राधाकिशन


चिंचदरा
२४ ऑक्टोबर २०१६

तीर्थरूप वहिनींस,

चार महिने लिहिलं नाही. तुमचा निरोप चाँदनं श्रावणात दिला होता, त्यावर काय लिहावं हे सुचलं नाही. तो सायकल भिंतीला टेकवून म्हणाला, "चाची बोलली, भावजींना म्हनावं, आता पताका देवळावरच लावा." आणि तोंडाला रुमाल लावून हसत निघून गेला. एवढ्या चार पत्रांवर तुमचं एवढंच उत्तर, आणि मी ते दिवसातून कितीदा तरी आठवतो.

या वर्षी देवानं वरून दिलं. नदी वाहिली. मका आपल्याच शिवारात झाली. पोळ्यानंतर पुन्हा खड्डा भरला. मी मजुरांबरोबर आत उतरून तुडवत होतो. कुट्टीचा थर दाबताना भामा वरून म्हणाली, "वैनी असत्या तर म्हनल्या असत्या, कडंला दाबा, मधी काय नाचता." कडेला दाबलं. कागद अंथरला, माती लिंपली. नारळ फोडला तो देवळात. खड्ड्यावर काही रोवलं नाही.

दीड महिना झाला. परवा वसुबारस येते. त्या दिवशी उघडून पहिला घास गाई-म्हशींना द्यायचा असं ठरलं. ठरलं खरं, पण उघडायचं कुणी? भगवानराव म्हणाले पुढारी नको, मुहूर्त नको, कुणीबी उघडा. तरी मी उघडतो असं कुणी म्हणेना. आज सकाळी चार बाप्ये खड्ड्याभोवती उभे राहून बिड्या ओढत होते. चारा नासलेला निघाला तर नाव कुणाला लागेल, हे आता गावातल्या प्रत्येकाला माहीत झालंय. हे भय मीच पेरलं आहे. मलाही फावडं मारतो म्हणवेना.

छबुबाई केव्हा आली कळलं नाही. म्हणाली, "बिड्या इझवा. ज्या बाईला उगडायचं भ्या न्हाई तिला बोलवा." चौघांनी बिड्या विझवल्या. मग ती मला म्हणाली, "तू लिव्हतो न्हवं तिला? मंग लिव्ह. म्हनावं, छबीनं बोलावलंय. तू बोलावलं म्हनून ती यायची न्हाई."

तसंच लिहितोय. मी बोलावत नाही, वहिनी, तो हक्क मी घालवला. छबुबाईनं बोलावलं आहे. चाँद उद्या पहाटे रिकामी गाडी घेऊन गेवराईकडे निघतो, त्यानं पुढची जागा पुसून ठेवली आहे.

तुमच्या घराचं कुलूप भामानं आज उघडलं. अंगण सारवलं. रांजण घासून भरला आणि तसाच उघडा ठेवला आहे. झाकण तुमच्या हातानं बसू द्या. म्हैस गाभण आहे. पताका देवळावर आहे.

फावडं तुमच्या उंबऱ्याला टेकवून ठेवलंय. त्याला मी हात लावणार नाही.

राधाकिशन